एका शब्दापुरती जागा

फोन स्टाफरूममध्ये आला तेव्हा मी एफवायच्या चाचणीचे पेपर तपासत होते आणि मनातल्या मनात एका मुलाला शिव्या घालत होते. त्याने एका वाक्यात तीन वेळा 'म्हणून' घातलं होतं. पलीकडचा आवाज ओळखीचा वाटला, पण नाव सांगेपर्यंत ओळख पटली नाही. "बाई, हंसाबेन बोलते. निगुडकर सरांच्या बाजूवाली. तुम्हाला कोणी सांगितलं का?" मी म्हटलं, काय? "सर ऑफ झाले. सोमवारी सकाळी, झोपेतच. भाचा आला होता नागपूरवरून, सगळं झालं. तुमचा नंबर भेटत नव्हता मला... कॅलेंडरच्या मागे लिहिलेला, आज दिसला." तो बुधवार होता. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला, जागेवर आले आणि त्या मुलाचं तिसरं 'म्हणून' लाल पेनाने कापलं. पुढचं वाक्य मात्र मला वाचता येईना. कुणी मेल्याचं कळल्यावर 'बरं' म्हणणारी बाई मराठी शिकवते, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

सरांना मी शेवटचं भेटले त्याला दोन वर्षं आठ महिने झाले होते. मी भांडुपला राहते, सर मुलुंडला राहायचे. आग्रा रोडवरून बसने फार तर वीस मिनिटं. दोन वर्षं आठ महिने मी ती वीस मिनिटं ओलांडली नाहीत, आणि ती का ओलांडली नाहीत हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे. निगुडकर सर कुणी मोठे नव्हते. आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात त्यांनी पंचवीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात मुलं चार, कधी पाच, तीही बाकीच्या विषयांत जागा मिळाली नाही म्हणून आलेली. उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. लग्न केलं नव्हतं. एक लकब होती. कुणाचं बोलणं मनापासून ऐकायचं असलं की ते हातातल्या पेनाला टोपण लावायचे. प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये त्यांचं पेन कायम उघडं असायचं.

आमची ओळख एका विनोदाने झाली, आणि तो मी नकळत केलेला. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "परबबाई, कस्टमला मराठीत काय म्हणाल?" माझं डोकं कुठल्याशा रजेच्या अर्जात होतं. मी मान वर न करता म्हटलं, "जकात." सर हसायला लागले ते थांबेचनात, चष्मा काढून डोळे पुसले. "मी राहतो जकात नाक्यापाशी, तेव्हा चूक माझीच," म्हणाले, "पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका स्कॉटिश गृहस्थाला तुम्ही मुलुंडच्या नाक्यावर अडवून ठेवलंत!" मग बसून त्यांनी सांगितलं. त्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने माणसाच्या स्वभावावर एक ग्रंथ लिहिला आहे, आणि त्यातला कस्टम म्हणजे जकात नव्हे, अंगवळणी पडलेली गोष्ट. सर त्यातला निवडक भाग मराठीत आणत होते. छापायला वगैरे नाही, आपल्या वर्गासाठी. "माझ्या चार पोरांना इंग्रजी येत नाही आणि मला मराठी. तुम्ही मधे उभ्या राहाल का?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी, कॉलेज लवकर सुटायचं त्या दिवशी, चार वाजता मी सरांच्या घरी जायला लागले. दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली, पुढे गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या आणि मधे स्टुलावर कॅरम बोर्ड. सर पान वाचून दाखवायचे, मी मराठी दुरुस्त करायची. मी परब, तोंडाची फटकळ. "सर, हे वाक्य कोर्टातून आलंय का?" असं सरळ विचारायची. ते मला मराठी भाषेच्या सरकारी वकीलबाई म्हणायचे. आमचा एक नियम ठरला होता. ज्या शब्दावर दोघांचं एकमत होणार नाही तो लिहायचा नाही, त्याच्यापुरती जागा कोरी सोडायची आणि समासात पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. काम झालं की शेजारच्या हंसाबेन चहा आणून द्यायच्या आणि आम्ही कॅरमचा एक डाव खेळायचो. चाळीत वाढलेल्या मुलीशी कॅरम खेळू नये हे सरांना चार वर्षांत समजलं नाही.

तो बोर्ड तिथे नुसता खेळायला नव्हता. मूळ ग्रंथात बिलियर्डच्या चेंडूंचं उदाहरण आहे, सरांनी तिथे कॅरम घातला. मी म्हटलं, असं बदलता येतं का? "बाई, मुलुंडात बिलियर्ड कुणी पाहिलंय?" मग त्यांनी स्ट्रायकर मारला, काळी सोंगटी सरकली. "काय पाहिलंत?" मी म्हटलं, स्ट्रायकर लागला म्हणून सोंगटी हलली. "लागला, हे पाहिलंत. हलली, हेही पाहिलंत. 'म्हणून' कुठे पाहिलंत?" मी बोर्डाकडे बघत बसले. खरंच, 'म्हणून' कुठे दिसत नव्हतं. "मी सांगते," मी म्हटलं, "म्हणून हे अव्यय आहे. ते बदलत नाही." सर खूश झाले. त्यांचं म्हणणं असं की ते अव्यय बोर्डावर नसतंच, आपणच ते आतून आणून मधे ठेवतो. हजारदा पाहिलंय, लागला की हलते, मग मन आपोआप पुढच्या सोंगटीकडे सरकतं. यात बुद्धीचा काही पराक्रम नाही, नुसती सवय. "माणूस विचाराने चालतो हा विचार करणाऱ्यांचा गैरसमज आहे," ते म्हणायचे. "माणूस सवयीने चालतो. विचार मागून येतो, घाम पुसत."

त्याच सुमाराला गिरण्यांचा संप झाला. माझा थोरला भाऊ, दादा, परळच्या एका गिरणीत दुसऱ्या पाळीला होता. आमच्या घराजवळच्या कारखान्याचा दोनचा भोंगा वाजला की तो निघायचा, असं वीस वर्षं. संप लागला, महिने गेले, गिरणी पुन्हा उघडायची नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. पण कारखाना चालूच होता, भोंगा वाजतच होता. आणि तो वाजला की दादा उठायचा, चपला घालायचा, खुंटीवरची पिशवी घ्यायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. पोरं हसायची. वहिनी पदर तोंडात धरून आत जायची. एका गुरुवारी मी हे सरांना सांगितलं, जरा लाजतच. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मला तुमच्या दादांना भेटायचंय."

ते खरंच आले भांडुपला, एका रविवारी दुपारी. दादाशी कॅरम खेळले, हरले. दोनचा भोंगा झाला. दादा उठला, चपला घातल्या, मग पाहुण्याची आठवण होऊन तसाच उंबऱ्यात उभा राहिला, कानकोंडा होऊन. सर म्हणाले, "जाऊन या. मी थांबतो." दादा गेला आणि आला. बसता बसता म्हणाला, "काय करू सर? डोक्याक कळता, पण पायांक कोण सांगतलो?" सरांनी ते वाक्य तिथल्या तिथे खिशातल्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं. परत जाताना बसस्टॉपवर मला म्हणाले, "त्या स्कॉटिश माणसाला हे सांगायला पाचशे पानं लागली." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. दादाचं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी त्याला वेडा न समजता ऐकलं होतं, आणि घरी येऊन मी न्हाणीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडले.

हे सगळं ज्या बाईने डोळ्यांनी पाहिलं तिनेच पुढे ती चूक करावी, हे मला आजही नीट उमगत नाही. भांडण झालं ते 'कस्टम' या पहिल्या दिवसाच्याच शब्दावरून. सर म्हणत, सगळीकडे 'सवय' लिहू. मी म्हणे, 'रूढी' घ्या, 'प्रघात' घ्या, 'परिपाठ' घ्या, पण सवय नको. ग्रंथाला शोभत नाही. सवय तंबाखूची असते, नखं खाण्याची असते. त्यावर जग उभं आहे असं म्हणालात तर लोक हसतील. "मराठीत सवयीबद्दल म्हण काय आहे ती आठवा सर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." सर म्हणाले, "मेल्यावर तरी जाते याला पुरावा काय, बाई?" मी हट्ट सोडला नाही, त्यांनीही नाही. नियमाप्रमाणे जागा कोरी राहिली, समासात टिंब पडलं. आमच्या घरात त्या शब्दाला वास होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझे वडील तंबाखूने गेले, गाल आतून सडून. आई शेवटपर्यंत म्हणायची, "सवय मेली भुतासारखी. एकदा धरल्यान की सोडीत नाय." माझ्या कानाला सवय म्हणजे ते.

मग मला पुण्याच्या एका कॉलेजात जागा चालून आली. वय बेचाळीस. पुण्यात मावशी होती, बढती होती, भांडुपच्या गल्लीतून सुटका होती. जायचं की नाही हे माझं ठरत नव्हतं, आणि का ठरत नव्हतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मला सर आवडत होते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. हा लेख ज्यात छापून येईल ती पुरवणी दादा वाचतो, वाचू दे. त्या गुरुवारी पान संपल्यावर, डाव मांडता मांडता, जमेल तितक्या सहज मी म्हटलं, "सर, मी पुण्याला गेले तर?" सरांचा हात स्ट्रायकरवर थांबला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याला टोपण होतंच, तरी ते पुन्हा दाबून बसवलं. आणि सावकाश म्हणाले, "अवघड होईल. तुमची सवय झालीय मला..."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुढे काही येईल असं वाटलं. काही आलं नाही. मी पिशवी उचलली, "येते" म्हटलं आणि जिना उतरले. हंसाबेन चहा घेऊन येत होत्या, त्यांना ओलांडून. चार वर्षं, दर गुरुवार, आणि मी काय झाले तर तंबाखू! बसमध्ये बसून मी हेच घोकत होते. पुण्याला गेले नाहीच. नकार कळवला, कारण रागाच्या भरात गाव सोडणं मला पटेना. पण गुरुवार बंद केले. त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले, त्यामुळे कॉलेजात गाठ पडायचाही प्रश्न मिटला. निरोपसमारंभाला मी रजा टाकली. दोनेक महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. "गुरुवारी येत नाही. प्रकृती बरी असावी. पान एकशे बारा अडले आहे." एवढंच. मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता, नुसता धुमसत होता.

फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. कॉलेज सुटलं आणि मी बसमध्ये चढले. मी ठरवलं होतं असं म्हणवत नाही. मुलुंडला उतरले तेव्हा चार वाजायला पाच कमी होते. हंसाबेननी दार उघडलं, माझा हात धरून आत नेलं. त्यांच्याच घरी, सोफ्याशेजारी भिंतीला टेकवून, कॅरम बोर्ड उभा होता आणि त्याच्यापाशी जुनी बॉक्स फाइल. "भाचा सगळं रद्दीत देत होता," त्या म्हणाल्या. "मी बोलले, हे नाय द्यायचं, हे बाईंचं हाय." मी फाइल मांडीवर घेतली. हंसाबेनच बोलत राहिल्या. सर शेवटी शेवटी फार कुणाशी बोलत नव्हते. सकाळी फेरी मारायचे, एकटेच जेवायचे. "गुरुवारे मात्र कुठे जायचे नाय हां. साडेतीन वाजता बोर्ड पुसायचे, पावडर टाकायचे, दोन खुर्च्या लावायचे. एकदा मी विचारलं, सर, बाई येणार हाय? बोलले, नाही. मग पुसता कशाला? तर हसले. बोलले, हंसाबेन, डोक्याला माहीत आहे, हाताला कोण सांगणार?" त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हणजे काय बाई? मला नाय समजलं."

मला समजलं होतं. तिथे, त्यांच्या सोफ्यावर बसून, दोन वर्षं आठ महिने उशिरा. सरांच्या तोंडी सवय हा शब्द कधीच लहान नव्हता. उद्या सकाळी उजाडेल, पायाखालची जमीन पायाखालीच राहील, हे ज्याच्या भरवशावर माणूस धरून चालतो त्याला ते सवय म्हणत होते. त्यांच्याकडे त्याहून मोठा शब्द नव्हताच. तो त्यांनी मला दिला, आणि मी मराठीची बाई, मी तो घरच्या कोशात पाहून परत केला! मी रडले, चांगली मोठ्याने. हंसाबेननी पाणी आणलं आणि सोफ्यावर माझ्याजवळ बसून राहिल्या.

घरी येऊन फाइल उघडली. मला वाटलं होतं, अर्धवट असेल. पूर्ण होतं. मी गेल्यावरही सरांनी काम थांबवलं नव्हतं, सुवाच्य अक्षरात दोनशे साठ पानं. माझ्या जुन्या दुरुस्त्या जिथल्या तिथे. आणि पानापानावर कोऱ्या जागा. एका शब्दापुरत्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि समासात पेन्सिलीचं टिंब. अडवायला कुणी नव्हतं. त्यांना आपला शब्द लिहिता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पण एकमत झालं नव्हतं. एकशे बाराव्या पानावर दादा भेटला. मुद्दा असा की एखादा कितीही हुशार माणूस या जगात आजच उतरला, तर त्याला एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधता यायचा नाही. तिथे सरांनी आपलं उदाहरण घातलं होतं. असा माणूस भांडुपला दोन वाजता उभा असेल, त्याला भोंगा ऐकू येईल, पण त्यानंतर कोण उठून चपला घालतो ते तो सांगू शकणार नाही. ते कळायला तिथे राहावं लागतं. त्याच्याखाली कोरी जागा, आणि टिंबाशेजारी बारीक अक्षरात, 'बाईंना विचारणे.'

मी जाणं थांबवलं, आणि सर गेले. या दोन वाक्यांच्या मधे 'म्हणून' आहे का? गेले कित्येक दिवस मी हेच पाहते आहे. सर असते तर म्हणाले असते, नीट बघा बाई, दिसतंय का? दिसत नाही. पण मन तिकडे सरकतंच, त्याला कोण काय करणार... दादाला मी हे बोलून दाखवलं. तो आता एका सोसायटीत वॉचमन आहे. म्हणाला, "तू जा गो गुरुवारची. थंय नाय तर हयच बस. पण बस."

म्हणून बसते. बोर्ड आमच्या खिडकीशी स्टुलावर मांडला आहे, समोर एक रिकामी खुर्ची. गुरुवारी चार वाजता फाइल उघडते, एक पान मोठ्याने वाचते, त्यातल्या कोऱ्या जागांत शाईने 'सवय' लिहिते आणि पेन्सिलीची टिंबं खोडते. आजवर सात गुरुवार झाले, सात पानं झाली. एका दिवसात सगळं उरकता येईल, शब्द काही मोठा नाही. पण मी दर खेपेला एकच पान घेते. ते झालं की पेनाला टोपण लावते आणि थोडा वेळ ऐकत बसते.